व्यायाम जास्त झाला म्हणून पाय गेले, की कमी पडला म्हणून?

माजी_धावपटू

नमस्कार. वर्षभर नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३४. बावीस वर्षांचा होईपर्यंत पळायचो. हौशीच, पण नेमाने. २१ किलोमीटरच्या तीन शर्यती पुऱ्या केल्या. मग एकदा कपाटावरची पेटी काढायला चवड्यांवर उभा राहायला गेलो, तर टाचा जमिनीवरून सुटेचनात. दुखत नव्हतं, सूज नव्हती. नुसतं होईना. मी मनाशी ठरवलं की पोटऱ्या कच्च्या राहिल्यात, आणि पोटऱ्यांचा व्यायाम दुप्पट केला. आता आठवलं की हसू येतं, म्हणजे हसू असं नाही.

पुढचं थोडक्यात. साध्या रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं निघालं, म्हणून वर्षभर यकृताची औषधं. मग कुणीतरी सीपीके करायला सांगितलं, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य मोजायला. ते आलं ११,४००, जे साधारण २०० च्या आत असायला हवं. मग ‘स्नायूंना सूज आहे’ असं निदान, आणि चौदा महिने स्टिरॉइड. चेहरा फुगला, वजन ११ किलोंनी वाढलं, मांड्या मात्र बारीक होत गेल्या. शेवटी जनुकीय तपासणी झाली आणि खरं नाव कळलं. लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार. त्यातला डिसफर्लिन नावाच्या प्रथिनाचा प्रकार.

आज सपाटीवर चालतो, हळू. जिना कठडा धरून. जमिनीवर बसलो तर उठताना आधी रांगायच्या अवस्थेत येतो, मग गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात चढवत चढवत वर.

प्रश्न व्यायामाचा आहे. एक जण म्हणतो, वापरला नाही तर स्नायू जाईल. दुसरा म्हणतो, वापरलात तर जाईल. तिसरे म्हणतात, ‘झेपेल तेवढं करा’. मला किती झेपतं हेच तर मला कळत नाही! बारा वर्षांपूर्वी झेपणं म्हणजे काय ते कळायचं. दम लागला, अंग दुखलं, म्हणजे व्यायाम झाला.

दोन महिन्यांपूर्वी एक व्हिडिओ बघून बैठका काढल्या. पंधराचे तीन फेरे, खुर्चीला धरून. त्या रात्री इतकं छान वाटलं, किती वर्षांनी व्यायाम केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या, आणि लघवी काळसर तपकिरी. रुग्णालयात दोन दिवस सलाइन. सीपीके ६०,००० च्या वर. घरी पाठवताना सांगितलं, ‘आता व्यायाम बंद.’

बंद केला. आठ आठवडे काही केलं नाही. परिणाम असा की जो जिना एका हाताने कठडा धरून चढायचो, त्याला आता दोन्ही हात लागतात. केलं तरी गेलं, नाही केलं तरी गेलं.

आणि अजून एक प्रश्न आहे, तो डॉक्टरांना विचारायचं धाडस होत नाही. मी पळालोच नसतो तर?

---

जिद्द_७

दादा, खचू नका. शरीर मनाचं ऐकतं. माझ्या मामांचे गुडघे इतके वाईट होते की बदलायचेच सांगितले होते, त्यांनी हट्टाने रोज पन्नास बैठका सुरू केल्या आणि आज ते डोंगर चढतात. थोडं दुखणारच. दुखण्याच्या पलीकडे ताकद असते. सोडू नका.

---

उंच_खुर्ची

जिद्द, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला या माणसासाठी धोक्याचा आहे. मामांचा त्रास सांध्याचा होता, स्नायू शाबूत होते. इथे स्नायूच फाटतो आहे. त्याने दुखण्याच्या पलीकडे जाऊनच रुग्णालय गाठलं, वर वाचा.

माजी_धावपटू, तुला अरे-तुरे करते, चालेल ना? मी ५३ वर्षांची आहे. आजार तुझ्याच कुळातला, पण प्रकार वेगळा. माझं कॅल्पेन नावाचं प्रथिन बिघडलंय. माझ्या जुन्या कागदांवर ‘२ए’ लिहिलंय आणि नव्यांवर ‘आर१’, कारण २०१७ साली तज्ज्ञांनी या प्रकारांची नावं बदलायचं ठरवलं. तुझा पूर्वीचा २बी, आताचा आर२. माहिती शोधशील तेव्हा दोन्ही नावांनी शोध, नाहीतर अर्धीच सापडते.

आधी त्या काळ्या लघवीबद्दल. तू लगेच गेलास ते बरं केलंस. स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, तो प्रकार अंगावर काढायचा नसतो. पुन्हा असा रंग दिसला तर ‘उद्या बघू’ नको.

आता माझी वही. मी २००९ पासून एक वही ठेवते. किती व्यायाम केला हे त्यात एका ओळीत असतं. बाकी पान दुसऱ्या दिवसाचं. उठल्यावर पाय जड आहेत का, दात घासताना हात किती वेळा खाली आला, केस विंचरताना कोपर कपाटाला टेकवावं लागलं का. आणि एक आकडा, खुर्चीचा. माझ्याकडे दोन-दोन सेंटिमीटर जाडीच्या फळ्या आहेत. त्या एका घट्ट स्टुलावर रचायच्या आणि हात न लावता किती उंचीवरून उठता येतं ते बघायचं. २००९ मध्ये ४१ सेंटिमीटर. २०१४ मध्ये ४७. २०१९ मध्ये ५४. आता हात लावल्याशिवाय कुठल्याच उंचीवरून नाही. (माझं इथलं नाव त्या ५४ च्या काळातलं. मुलगा म्हणतो आता बदल, पण मला आवडतं.)

हा आकडा काहीही केलं तरी घसरतोच, हे आधी मान्य करावं लागतं, आणि मला ते मान्य करायला तीन वर्षं लागली. पण तो सारख्या वेगाने घसरत नाही. वही चाळली की दोन खड्डे दिसतात.

पहिला २०१२ चा. एका व्यायामशाळेत गेले. तिथल्या मुलाने पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर बसवलं. आठवड्याला तीन दिवस, पाच आठवडे. दर वेळी तो म्हणायचा, ‘अजून दोन, काकू.’ मी अजून दोन करायचे, कारण मला वाटायचं की माणूस आळशी असतो आणि त्याला कुणीतरी ढकलायला लागतं. दोन सेंटिमीटर गेले. सोडल्यावर दोन-अडीच महिन्यांत त्यातला निम्मा भाग परत आला.

दुसरा २०१६ चा. घरातच पडले, घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टर. सगळे म्हणाले, छान विश्रांती मिळाली. चार सेंटिमीटर गेले. त्यातलं काहीही परत आलं नाही.

म्हणून तुझ्या आठ आठवड्यांबद्दल वाचून मला त्या बैठकांपेक्षा जास्त धास्ती वाटली. घाबरवत नाही, जिन्याला दुसरा हात लागणं अजून परत फिरू शकतं. पण ‘बंद’ हा सल्ला त्या आठवड्यापुरता होता. तो कायमचा समजू नकोस, आणि ज्यांनी दिला त्यांनाच ‘कधीपर्यंत?’ असं विचार.

मी आता काय करते? खुर्चीत बसून पायापुढे ठेवायचं छोटं पॅडल. आठवड्यातून चार दिवस, बारा मिनिटं, ओझं शून्य. सुरुवात तीन मिनिटांनी केली होती आणि दोन आठवड्यांनी एक मिनिट वाढवत गेले. पॅडल मारताना बोलता आलं पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर जास्त झालं. हातांसाठी कुशीवर आडवं पडून, गुळगुळीत चादरीवर हात पुढे-मागे सरकवते, म्हणजे त्याचं वजन उचलावं लागत नाही. बघणाऱ्याला हा व्यायाम वाटतच नाही. नवऱ्याला पहिल्यांदा वाटलं मी चादर सारखी करतेय. घोट्यांचा ताण मात्र रोज, माझ्या प्रकारात टाचेमागची शीर लवकर आखडते.

आणि केस धुण्याच्या दिवशी पॅडल नाही. केस धुणं हाच त्या दिवसाचा व्यायाम. हे लिहायला क्षुल्लक वाटतं, पण मला सगळ्यात उशिरा कळलं ते हेच. अंघोळ, जिना, बाजूच्या खोलीतून दहा वेळा ये-जा हे सगळं त्याच खात्यातून जातं. धडधाकट माणूस व्यायाम वेगळा मोजतो, आपल्याला तसं परवडत नाही.

एक राहिलं. सुरू करण्याआधी हृदयाचा इको, ईसीजी आणि श्वासाची तपासणी करून घे, श्वासाची बसून आणि आडवं पडून अशी दोन्ही. तुझ्या-माझ्या प्रकारात हृदयाला सहसा धक्का लागत नाही, पण याच कुळातल्या काही प्रकारांत चांगलाच लागतो. एकदा कागदावर आलेलं बरं.

तुझा शेवटचा प्रश्न मी वाचला. त्याला उत्तर द्यायला माझ्यापेक्षा जास्त माहिती असलेलं कुणीतरी येईल.

---

थंड_पाणी

माझा आजार वेगळा, मज्जातंतूंचा, मल्टिपल स्क्लेरोसिस. तरीही लिहितो, कारण ‘व्यायाम बंद’ हा सल्ला आमच्याकडे कितीतरी वर्षं चालला आणि तो एका गैरसमजावर उभा होता.

१८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने पाहिलं की काही रुग्णांना श्रम केल्यावर तात्पुरतं अंधुक दिसतं. त्यांना वाटलं, दोष श्रमाचा. पुढे कळलं की दोष अंग तापण्याचा होता. मज्जातंतूचं आवरण आधीच झिजलेलं, तापमान थोडं वाढलं की संदेश अडखळतात. अंग निवलं की पुन्हा चालू. नवीन नुकसान झालेलं नसतं. पण तोवर ‘श्रम करू नका’ हे रुजलं होतं.

मी सकाळी लवकर, पंख्यासमोर, मानेभोवती ओलं फडकं गुंडाळून वीस मिनिटं सायकल मारतो. पंधराव्या मिनिटाला डावा डोळा धूसर होतो. पहिल्यांदा रडलो होतो. आता थांबतो, पाणी पितो, दहा मिनिटांत साफ.

सांगायचं एवढंच की माझं धूसर दिसणं आणि तुमची काळी लघवी या दोन्ही ‘व्यायामानंतरच्या’ गोष्टी आहेत, पण माझी निघून जाते, तुमची खरी इजा आहे. माझा नियम तुम्ही घेऊ नका. दुसऱ्या आजाराचे अनुभव वाचताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवा.

---

गोनिओमीटर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं स्नायूंच्या आजारांचेच रुग्ण बघते. समोर बसवून तपासल्याशिवाय कुणाला व्यायाम लिहून देत नाही, इथेही देणार नाही. पण असं का होतं, ते सांगू शकते.

रोजच्या वापरात स्नायूपेशीच्या आवरणाला बारीक चिरा पडतच असतात. सगळ्यांच्याच पडतात. डिसफर्लिन त्या चिरांना ठिगळ लावायच्या कामात असतं. तुमच्याकडे ठिगळ लावणारा कामावर नाही. म्हणून प्रश्न ‘किती’ इतकाच ‘कुठल्या प्रकारे’ असा आहे. स्नायू आखडत काम करतो तेव्हा चिरा कमी. स्नायू लांबत लांबत ओझं पेलतो तेव्हा जास्त. जिना चढताना मांडी आखडत काम करते, उतरताना लांबत. दम चढताना लागतो म्हणून लोक लिफ्टने वर जातात आणि उतरताना जिना घेतात. तुम्ही उलट करा. बैठकीतही वर येणं तेवढं वाईट नाही, सावकाश खाली जाणं वाईट. आणि व्हिडिओवाले नेमकं तेच सांगतात, ‘खाली जाताना हळू, नियंत्रणात’. निरोगी माणसासाठी ते बरोबर आहे.

याच कारणाने उंच_खुर्ची यांच्या चाचणीत एक दुरुस्ती. ती रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे, कारण ती चाचणी स्वतःच व्यायाम आहे. आणि उठण्याची परीक्षा झाली की बसताना हात वापरा. नाहीतर प्रत्येक प्रयत्नाला एक छोटी बैठक होते.

जास्त झालं हे ओळखायच्या खुणा: व्यायामानंतर अर्ध्या तासात ताकद वाढल्यासारखी न वाटता कमी झाल्यासारखी वाटणं, एक-दोन दिवसांनी चांगलाच ठणका, पोटऱ्या-मांड्यांत जोराचे गोळे, हातपाय जड होणं, दम बराच वेळ न बसणं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या वेळी प्रमाण निम्मं. त्या रात्री बरं वाटलं याला काही किंमत नाही, तुमच्या बैठकांच्या रात्रीही बरंच वाटलं होतं. सीपीके करायचं असेल तर आधी काही दिवस नेहमीपेक्षा जास्त श्रम टाळा. श्रमानंतर ते पहिल्या चार दिवसांत कधीही शिखराला जातं आणि मग तुम्ही आणि डॉक्टर दोघंही उगाच घाबरता.

आता पुरावा. २००८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बेकर नावाच्या डिस्ट्रॉफीच्या रुग्णांना बारा आठवडे सायकल चालवायला लावली, अर्ध्या तासाची पन्नास सत्रं, मध्यम जोर. दमसास चांगला वाढला, सीपीके वाढलं नाही. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये चेहरा-खांद्याचे स्नायू आधी जातात त्या डिस्ट्रॉफीच्या ६५ रुग्णांवर वर्षभर ताकदीच्या व्यायामाचा प्रयोग झाला. फायदा थोडका, पण ठळक नुकसानही दिसलं नाही. हे दोन्ही तुमच्या प्रकारावरचे नाहीत, हे लक्षात ठेवूनच वाचा. तरीही बसून, ओझ्याशिवाय किंवा अगदी हलक्या ओझ्यावर पॅडल मारणं हा माझा पहिला पर्याय का असतो, ते यावरून कळेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. गोड बोलून टाळणार नाही. डिसफर्लिनच्या रुग्णांमध्ये किशोरवयात जास्त व्यायाम करणाऱ्यांना लक्षणं लवकर दिसली, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे पळण्याने सुरुवात काहीशी अलीकडे आली असण्याची शक्यता आहे. आजार पळण्याने आला नाही, जनुक जन्मापासून तसंच आहे. तुमच्यासारखे तरुणपणी खेळात पुढे असलेले डिसफर्लिनचे रुग्ण मी बरेच पाहिलेत, आणि प्रत्येकाने कधी ना कधी हा प्रश्न विचारलाय. टाचा उचलेनाशा झाल्या तेव्हा व्यायाम दुप्पट केलात, कारण कुणालाही तेच सुचलं असतं. मलाही, त्या वेळी तुम्ही माझ्याकडे सीपीकेशिवाय आला असतात तर.

---

कॅलिपर

वरच्या सगळ्यांनी नीट लिहिलंय. मी फक्त रागाचं लिहितो.

मला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. सगळं बालपण ‘जोर लाव, जोर लाव’ ऐकण्यात गेलं. लावला. कॅलिपर घालून शाळेचे तीन मजले चढलो, नोकरी केली, मुलं खांद्यावर घेतली. पंचेचाळिशीनंतर चांगला पाय जायला लागला. चांगला! म्हणजे ज्याला मी चांगला समजत होतो तो. नंतर कळलं की पोलिओत ज्या चेतापेशी वाचल्या त्यांनी मेलेल्यांची कामं उचलली होती. नवे फाटे फोडून एकेक पेशी कितीतरी जास्त तंतू सांभाळत होती. चाळीस वर्षं जादा काम केल्यावर ते फाटे गळायला लागले.

आणि मी काय केलं? जोर लावला. रोज चाळीस मिनिटं चालायचो, पन्नास केली. दीड वर्षात काठी आली.

आता आठ-आठ मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये पूर्ण बसून विश्रांती. बेरीज बत्तीसच, पण संध्याकाळी मी माणसात असतो. लांब जायचं असेल तर चाकाची खुर्ची. ‘खुर्ची घेतलीस की पाय विसरशील’ असं सांगणारे बारा जण भेटले, त्यातला एकही खुर्चीत बसलेला नव्हता. खुर्चीने बाजारहाट केली की पाय घरी येऊन व्यायामाला शिल्लक राहतात. माझा तरी हिशोब असा आहे.

जिद्द, तुमच्यावर राग नाही. तुमच्यासारख्यांनीच मला वाढवलं.

---

जिद्द_७

वाचलं सगळं. माझा सल्ला मागे घेतो. मला खरंच माहीत नव्हतं की असे स्नायू वेगळे वागतात. मामांचं कौतुक डोक्यात होतं. क्षमस्व, दादा.

---

माजी_धावपटू

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार. जिद्द, क्षमा कसली, मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

इको आणि ईसीजी नीट आहेत. श्वास बसून आणि आडवं पडून मोजला, फरक नगण्य. इथे जे वाचलं ते घेऊन एका फिजिओंकडे गेलो. त्यांनी चार मिनिटांनी सुरू करायला सांगितलं. चार! मी मनात म्हटलं, चार मिनिटांत तर मी पूर्वी बुटांच्या नाड्याही नीट बांधायचो नाही.

पहिल्या दिवशी चौथं मिनिट संपलं तेव्हा दमच लागला नव्हता. पाय म्हणत होते, चल अजून. मी थांबलो आणि त्या पॅडलकडे बघत बसलो. मला थांबणं इतकं अपमानास्पद वाटेल असं वाटलं नव्हतं. एकविसाव्या किलोमीटरला थांबलो असतो तर समजलं असतं, पण न दमता थांबायचं? बायको आत येऊन म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, मग असा का बसलायस?

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही काही नाही. लघवीचा रंग मी इतक्या वेळा तपासला की घरात विनोद झालाय. आता पाच मिनिटांवर आहे. जिन्याला अजून दोन हात लागतात. खरं सांगायचं तर परवा एकदा सवयीने एकाच हाताने अर्धा जिना चढून गेलो होतो, लक्षात आल्यावर घाबरून दुसरा हात लावला. ते मोजायचं की नाही माहीत नाही.

लिफ्ट बिघडली असेल तर उतरताना काय करायचं, हे विचारायचं राहिलं. आणि पाण्यातला व्यायाम? पोहता येतं मला.

ताई, वही घेतली. फळ्याही कापून आणल्या. पहिला आकडा ४६.

---

गोनिओमीटर

उतरावंच लागलं तर एकेका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, वजन कठड्यावर जास्तीत जास्त, आणि दर सहा-सात पायऱ्यांनी थांबायचं. जो पाय जास्त कमजोर तो आधी खाली. वर राहतो त्या पायाच्या मांडीवर सगळं ओझं येतं, म्हणून वर बरा पाय ठेवायचा.

पाणी चांगलं. कमरेपर्यंत पाण्यात शरीराचं वजन साधारण निम्मं होतं, मानेपर्यंत गेलात तर जेमतेम दहावा हिस्सा. अडचण पाण्यात नाही, पाण्यातून बाहेर येताना आहे. दहा मिनिटं हलके फिरता आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर अख्खं वजन एकदम अंगावर येतं. उताराची वाट किंवा उचलून घेणारी खुर्ची असलेला तलाव असेल तरच, आणि पहिल्या वेळी सोबत कुणीतरी हवं. पोहताना खांद्यांवर लक्ष ठेवा, पाय हलके झाले की माणूस सगळा जोर हातांवर काढतो.

अर्धा जिना मोजू नका. लिहून मात्र ठेवा.

---

कॅलिपर

न दमता थांबायचं, हे मला सहा वर्षांनी जमलं. तुम्हाला पहिल्या दिवशी जमलं आणि तक्रार करताय.

---

उंच_खुर्ची

४६ हा आकडा माझ्यापेक्षा बरा आहे असं म्हणणार नाही, प्रत्येकाची उंची वेगळी, नडगीची लांबी वेगळी. तो फक्त तुझ्या पुढच्या आकड्याशी जुळवायचा.

पण उठताना हात कुठे होते? छातीवर घडी घालून उठलास, की मांडीवर रेटा दिलास? ते लिहिलं नाहीस तर पुढच्या वर्षी एकदा असं, एकदा तसं करशील आणि दोन आकड्यांना काही अर्थच राहणार नाही. माझी २०१० ची सगळी पानं त्यामुळे वाया गेली आहेत.

---

माजी_धावपटू

मांडीवर रेटा दिला होता. रविवारी छातीवर घडी घालून बघितलं. ४८ ला अडकलो, ५० ला उठलो. बसताना हात लावले.

४६ खोडून ५० लिहिलंय.